तुम्ही विचारलंत म्हणून: पहिलं वर्ष जमिनीवरच का?

"मॅडम, पोरगी रोज येऊन सांगत्या, आज पण जमिनीवर लोळलो. नाच कवा शिकवणार?"

पदवीच्या पहिल्या वर्षाला कंटेम्पररी, म्हणजे समकालीन नृत्य, घेतलेल्या मुलांचा स्टुडिओतला पायाभूत वर्ग मी घेते. पावसाळा सुरू झाला की हा प्रश्न सुरू होतो. आधी पालक विचारतात, मग शेजारचे, आणि गणपतीपर्यंत मुलंही विचारायला लागतात. फोनवर याचं नीट उत्तर देता येत नाही, म्हणून इथं लिहिते.

जमिनीवर आम्ही वजन सोडायला शिकतो. ते येईपर्यंत मी स्टेप देत नाही.

वर्गात काय चालतं ते सांगते. जोड्या करायच्या. एकीनं पाठीवर झोपायचं, गुडघे वर, तळपाय जमिनीला टेकलेले. दुसरीनं तिचा हात मनगट आणि कोपराखालून धरून सावकाश उचलायचा. झोपलेलीनं काही करायचं नाही. मग उचलणारीनं आपला आधार हळूच कमी करायचा. हात लगेच खाली यायला हवा. सुरुवातीला तो येतच नाही. "सोडलाय की मी!" असं डोळे मिटून सांगणाऱ्या मुलीचा हात हवेत ताठ उभा असतो. उचलणारीला मदत करायची म्हणून तिनं तो स्वतःच धरून ठेवलेला असतो, आणि तिला त्याचा पत्ता नसतो. त्यानंतर डोकं. माणसाचं डोकं साडेचार-पाच किलोचं असतं. ते दुसऱ्याच्या तळहातांवर पूर्ण सोडून देणं हे पहिल्या सत्रातलं सगळ्यात अवघड काम. गॅदरिंगमध्ये बक्षिसं मिळवून आलेल्या मुलांना तर फारच जड जातं, कारण वर्षानुवर्षं मान ताठ, हनुवटी वर, चेहरा प्रेक्षकांकडे, हेच त्यांनी घटवलेलं असतं.

आडवं पडल्यावर जी मान सुटत नाही ती गिरकी घेताना किंवा पडताना सुटेल, अशी आशा धरण्यात अर्थ नाही. आणि कंटेम्पररीत पडणं सतत असतं. गुडघ्याची वाटी, कोपर, मनगट आणि माकडहाड जमिनीवर आपटू द्यायचं नाही. पोटरीची बाहेरची बाजू, मांडी, कुल्ला अशा मांसल भागांवरून वजन घरंगळत न्यायचं, आणि खाली जाताना श्वास सोडायचा. श्वास रोखून पडणारा मुलगा ओंडक्यासारखा पडतो. त्याचा आवाज पाठमोरी असले तरी मला कळतो.

हे माझ्या मनाचं नाही. अमेरिकेतल्या आधुनिक नृत्याच्या एक प्रवर्तक मार्था ग्रॅहम यांनी १९२६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये आपली नृत्यकंपनी सुरू केली. त्यांच्या पद्धतीचा वर्ग आजही जमिनीवर बसूनच सुरू होतो. श्वास सोडताना ओटीपोटातून कण्याची कमान होते आणि बाकीचं शरीर तिच्यामागून येतं. त्यांच्याच काळातल्या नृत्यदिग्दर्शिका डोरिस हम्फ्री यांनी तोल जाणं आणि सावरणं यांच्यामधल्या जागेतच नाच शोधला, आणि त्यांचे शिष्य होजे लिमोन यांनी ते पुढे नेलं. आपल्याकडे नृत्यदिग्दर्शिका चंद्रलेखांनी भरतनाट्यमला योग आणि कळरीपयट्टू या केरळच्या युद्धकलेशेजारी आणून ठेवलं, आणि कण्याला नाचाच्या मधोमध जागा दिली. यातलं कुणीही शरीर तयार होण्याआधी शोभेच्या मागं लागलं नाही.

आणि खरं सांगू का, कोल्हापूरकरांना तरी हे समजावून सांगायला लागू नये. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खासबाग मैदान बांधलं आणि १९१५ मध्ये त्याच्या शेजारीच पॅलेस थिएटर, म्हणजे आजचं केशवराव भोसले नाट्यगृह. कुस्ती आणि रंगभूमी या गावात भिंतीला भिंत लावून वाढली. तालमीत नवा पोरगा आला की वस्ताद त्याला माती उकरायला लावतात, जोर-बैठका काढून घेतात. "आमच्या पोराला धोबीपछाड कधी शिकवणार?" म्हणून पहिल्या महिन्यात वस्तादांना कुणी फोन करत नाही.

मुलं कोरी येत नाहीत, हेही लक्षात घ्या. मर्दानी खेळ खेळून आलेली मुलं पवित्र्यात सुंदर उतरतात. गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत, वजन खाली. पण खांदे सैल सोडायचं म्हटलं की अडतात. कथक शिकलेल्यांची लय पक्की असते, पण मला तळपायाचा प्रत्येक भाग वेगळा जागा करून हवा असतो, आणि सरावाने त्यांचा अख्खा तळवा एकदमच पडतो. रील बघून शिकलेली मुलं चपळ असतात, त्यांची नक्कल करायची ताकद मोठी असते. फक्त त्यांना पाठ नसते. कॅमेऱ्याला दिसते तेवढीच बाजू नाचते. म्हणून पहिले कित्येक महिने मी आरशावर पडदा टाकते. हलगीवादकांना वर्गात बोलावते आणि मुलांना तिच्या ठोक्यावर नाही, तर ठोक्यांच्या आरपार, अगदी संथ चालायला लावते. हलगी कडाडत असताना संथ चालणं! कोल्हापुरी पोरांना याहून मोठी परीक्षा नाही, आणि ज्या दिवशी ती जमते त्या दिवशी मला अतोनात आनंद होतो.

मुलामुलींनी एकमेकांच्या अंगावर वजन टाकण्याबद्दलही विचारणा होते, बहुतेक वेळा दबक्या आवाजात. १९७२ मध्ये अमेरिकन नर्तक स्टीव्ह पॅक्स्टन यांनी कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशन, म्हणजे एकमेकांच्या स्पर्शातून आणि वजनातून उत्स्फूर्त नाचणं, सुरू केलं, त्यातून आलेला हा सराव आहे. आमच्याकडे आधी विचारल्याशिवाय कुणी कुणाला हात लावत नाही, आणि नाही म्हणालं की विषय संपला. वाटलं तर वर्गात येऊन बसा.

आता तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात. घरी शहाबादी फरशीवर किंवा स्लॅबवर मुलांना उड्या मारू देऊ नका. स्टुडिओत लाकडी पट्ट्यांवर प्लायवूड असतं, ते किंचित दबतं आणि धक्का शोषून घेतं. फरशी दबत नाही. तो धक्का नडगीत आणि गुडघ्यात जातो. घरी आडवं पडून करायचा सराव दिलेला असतो, त्याला सतरंजी पुरते. गादी नको, गादीवर जमीन कळत नाही.

दुसरं दुखण्याबद्दल. मांड्या-पोट भरून आलं तर काळजी नको, दोन-तीन दिवसांत उतरतं. पण सांध्यात टोचतंय, सूज आहे किंवा एकाच जागी रोज दुखतंय असं मुलगी म्हणाली, तर स्प्रे मारून वर्गाला पाठवू नका. डॉक्टरांना दाखवा आणि मला कळवा. त्या दिवशी ती बाजूला बसून बघेल, हजेरी लागेल.