बोरीबंदर कोणी बांधलं?

सप्टेंबर २०२२ मध्ये राणी एलिझाबेथ गेल्या, तेव्हा अमेरिकन निवेदक टकर कार्लसनने फॉक्स न्यूज या वाहिनीवर ब्रिटिश साम्राज्याचं कौतुक करताना आपल्या व्हीटीचं, म्हणजे मुंबईच्या बोरीबंदर स्टेशनचं उदाहरण देऊन सांगितलं की, स्वातंत्र्याला ७५ वर्षं होऊनही भारताने इंग्रजांनी बांधलेल्या या स्टेशनाइतकी सुंदर एकही इमारत उभारलेली नाही. तेव्हा गदारोळ झाला, शशी थरूरही संतापले, आणि विषय मागे पडला. आमच्याकडे ओहायोत मात्र ती क्लिप अजून फिरते. परवा शेजारच्या अमेरिकन काकांनी ती मला मोठ्या कौतुकाने दाखवली, 'तुमच्या शहराबद्दल किती चांगलं बोललाय बघ' म्हणून. हेच काका थंडीत न सांगता आमच्या दारातला बर्फ उपसून देतात. म्हणून जास्तच लागलं.

मी नौपाड्यात वाढले. नोकरीची पहिली वर्षं ठाणे ते सीएसटी लेडीज डब्यात चौथ्या सीटच्या टोकावर बसून काढली. ती इमारत सुंदर आहे हे मला कार्लसनने सांगायची गरज नाही. खांबांच्या माथ्यांकडे कधी मान वर करून बघा. दगडी पानांच्या गुंत्यात माकडं आहेत, मोर आहेत, घुबडं आहेत. ते कोरीवकाम जेजे स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचं आहे. आराखडा फ्रेडरिक स्टीव्हन्सचा, हे मान्यच. पण १८७८ पासून पुढे दहा वर्षं ते काम उभं करताना त्याच्याबरोबर सीताराम खंडेराव वैद्य हे असिस्टंट इंजिनीअर होते. हे नाव कार्लसनला माहीत नसेल, पण आपल्याकडे तरी किती जणांना माहीत आहे?

आणि पैसा कोणाचा? हे स्टेशन बांधणाऱ्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या इंग्रज भागधारकांना भांडवलावर ५ टक्के परताव्याची हमी होती. नफा कमी पडला तर फरक भारताच्या तिजोरीतून, म्हणजे आपल्या शेतसाऱ्यातून. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी सुटली ती ठाण्यालाच आली, हे प्रत्येक ठाणेकर छाती फुगवून सांगतो, मीही सांगते. त्या रेल्वेसाठी नाना शंकरशेट १८४५ पासून झटत होते. पुढे बोरघाटाचं काम निघालं तेव्हा पटकीने आणि तापाने हजारो मजूर मेले. त्यांची नावं कुठल्याच खांबावर नाहीत. 'इंग्रजांनी बांधलं' म्हणताना हे सगळे कुठे जातात?

एकही सुंदर इमारत नाही म्हणे! वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांनी साबरमतीला बांधलेलं गांधी संग्रहालय जाऊन बघावं. तेवढं लांब नको असेल तर बेलापूरला त्यांचंच आर्टिस्ट व्हिलेज आहे, ठाण्याहून ट्रान्सहार्बरने जाता येतं. ठाणे स्टेशनच्या पुलावर संध्याकाळी जीव गुदमरतो, हे मला कोणी सांगायला नको. ती तक्रार आम्ही ठाणेकर रोज करतो, आणि तो हक्क आमचा आहे.

या कार्लसनची सगळीच मतं मला अमान्य नाहीत. इराक युद्धाला आधी पाठिंबा देऊन नंतर ती चूक होती असं तो उघड म्हणाला, आणि २०२५ मध्ये इराणवरच्या हल्ल्याला विरोध करताना त्याने ट्रम्पचीही भीड ठेवली नाही. पण याच ट्रम्पबद्दल जानेवारी २०२१ मध्ये तो खासगी मेसेजमध्ये लिहीत होता की मला त्याचा मनापासून तिटकारा आहे, आणि पडद्यावर त्याचा मागमूस नव्हता. डोमिनियन या मतदान यंत्रं बनवणाऱ्या कंपनीने फॉक्सवर लावलेल्या बदनामीच्या खटल्यात ते मेसेज बाहेर आले. फॉक्सने एप्रिल २०२३ मध्ये ७८.७५ कोटी डॉलर देऊन तो खटला मिटवला आणि काही दिवसांतच कार्लसनला निरोप दिला. प्रेक्षकांना एक आणि मित्रांना दुसरं सांगणाऱ्या माणसाकडून मी इतिहास का शिकावा?

सगळ्यात खोल गेलं ते डिसेंबर २०१८ चं वाक्य. स्थलांतरितांमुळे अमेरिका गरीब आणि घाणेरडी होते, असं तो म्हणाला होता. जाहिरातदारांनी पाठ फिरवली, तरी कार्यक्रम चालूच राहिला. काकांना मी हे वाक्य ऐकवलं तेव्हा ते पटकन म्हणाले, 'ते तुमच्याबद्दल नाही.' मग कोणाबद्दल? आमच्या इथल्या हॉस्पिटलात रात्रपाळी करणाऱ्या केरळच्या नर्सबद्दल की काय?

मग त्यांनी विचारलं, शांतपणे, भांडायला नव्हे: इंग्रज तिकडे गेले त्याचा एवढा राग, तर तू इकडे का आलीस? मी म्हटलं, शिकायला आले, काम मिळालं म्हणून राहिले, कर भरते. इंग्रज भागधारकाला आमच्याकडे ५ टक्क्यांची हमी होती. माझी नोकरी गेली तर व्हिसाच्या नियमाप्रमाणे दुसरी शोधायला मला या देशात जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात.