स्लॅब टाकायच्या आधी घरात एक चक्कर

प्लॅन कळला का असं विचारलं की माणूस हो म्हणतो. ते हो म्हणजे हो नसतं, हे कळायला आम्हाला दोन वर्षं आणि एक जिना लागला. आता आम्ही स्लॅब टाकायच्या आधीच लोकांच्या डोळ्याला हेडसेट लावून त्यांना न झालेल्या घरात फिरवतो, त्याची ही गोष्ट.

मी मिरजेतून सिव्हिलचा डिप्लोमा केला, नवरा साइटवरचा माणूस, २०११ ला सांगलीत विश्रामबागेत एक गाळा भाड्यानं घेऊन दोघांनी सुरू केलं. घरं बांधून द्यायची, नकाशापासून किल्ली हातात देईपर्यंत. मी ऑटोकॅडवर प्लॅन काढायचे, प्रिंट टेबलावर पसरायची, मालक-मालकीण समोर बसायचे, चहा यायचा, आणि मी पेन्सिलीनं दाखवत जायचे, हा हॉल बारा बाय सोळा, हे किचन, इथं जिना. सगळे माना डोलवायचे. २०१३ ला कुपवाडकडं एक घर चाललं होतं, स्लॅब झाला, सेंट्रिंग निघालं, आणि घरमालकीण काकू पहिल्यांदा जिन्यावरून वर गेल्या. वर गेल्या म्हणजे निम्म्यात थांबल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, इथं आमच्या ह्यांचं डोकं आपटणार की हो." आपटणारच होतं. बीमखाली सहा फूट पण राहिलं नव्हतं, नियमानं सात फूट दोन-तीन इंच तरी पाहिजे, चूक माझी होती आणि प्लॅनमध्ये ती दिसत नव्हती कारण प्लॅनला उंचीच नसते. सेक्शन, म्हणजे घर उभं कापून उंची दाखवणारं चित्र, काढला होता मी, पण तो जिन्याच्या पलीकडून कापलेला. जिना फोडला, परत बांधला, आमच्या खिशातून. काकूंनी नंतर जे सांगितलं ते मात्र डोक्यात बसलं. म्हणाल्या, "मला त्या कागदातलं काहीच कळत नव्हतं, पण सगळे हो म्हणत होते तर मी एकटीनं कशाला विचारायचं."

तिथून थ्रीडीचं वेड लागलं. म्हणजे मला कमी आणि माझ्या दिराला जास्त, तो तेव्हा कॉलेजात होता आणि रात्रभर स्केचअपवर, म्हणजे थ्रीडी मॉडेल करायच्या सॉफ्टवेअरवर, काहीतरी बनवत बसायचा. २०१५ मध्ये तो पुठ्ठ्याचा एक डबा घेऊन आला, गूगल कार्डबोर्ड, आदल्या वर्षीच निघालेला, दोन भिंगं आणि मोबाईल ठेवायला खाच, एवढंच. "वहिनी, डोळ्याला लाव." लावला तर मी आमच्याच एका गिऱ्हाइकाच्या न झालेल्या हॉलमध्ये उभी, मान वळवली की खिडकी, वर बघितलं की पंखा. मी खुर्चीवरून उठून चालायला लागले आणि टेबलावर आपटले, कारण त्यात चालता येत नाही, नुसती मान फिरते. एका जागेवरून घेतलेला गोल फोटोच तो, फक्त फोटो ज्या खोलीचा ती खोली अजून नाही. एक चित्र तयार व्हायला आमचं कॉम्प्युटर रात्रभर चालायचं आणि पहाटे लाइट गेली की सगळं पहिल्यापासून.

पण लोक खूश व्हायचे हो. जत्रेतल्या बायोस्कोपसारखं, एकानं बघितलं की दुसरा हात पुढं करायचा. कामं वाढली. आणि तिथंच आम्ही एक लबाडी करायला लागलो, आता सांगायला लाज वाटते पण सांगते. रिकामी खोली चित्रात छान दिसत नाही म्हणून फर्निचर टाकायचो, आणि दहा बाय दहाच्या बेडरूममध्ये खरा बेड टाकला की खोली भरून जाते म्हणून बेड जरा लहान करायचो. पाच फुटी. सोफा पण बारीक. कपाट सव्वा फूट खोलीचं. सगळे असंच करतात असं आम्ही स्वतःला सांगायचो. एका जोडप्यानं घर झाल्यावर सहा बाय साडेसहाचा बेड आणला, दोन फुटी वॉर्डरोब केलं, आणि वॉर्डरोबचं दार बेडला अडायला लागलं. त्यांनी मोबाईलवर आमचंच चित्र काढून दाखवलं, "यात तर उघडतंय." काय बोलणार. स्लायडिंग दारं करून दिली, पैसे घेतले नाहीत, आणि त्या दिवसापासून मॉडेलमध्ये बाजारात मिळतं त्याच मापाचं सामान, एक इंच इकडंतिकडं नाही.

मग २०१९ च्या ऑगस्टचा पूर. सांगलीकराला वेगळं सांगायला नको. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी धोक्याची पातळी ४५ फूट, त्या वेळी पाणी ५७ च्या वर गेलं. गावभागातल्या आमच्या दोन साइट पाण्यात, सिमेंटची पोती दगड झाली, ते जाऊ दे. पण नंतर जो येईल तो एकच वाक्य बोलायचा, जोतं वर घ्या, म्हणजे घराचा तळ जमिनीपासून उंच उचला. किती वर? जेवढं घेता येईल तेवढं.

हे बोलायला सोपं आहे. जोतं पाच फूट घेतलं तर सहा इंचाची एक पायरी धरून दहा पायऱ्या, एवढी लांबी समोरच्या मोकळ्या जागेतनं जाते, साधारण आठ फूट, म्हणजे स्कूटर लावायची जागा संपली. आणि घरात म्हातारं माणूस असेल, व्हीलचेअर असेल, तर उतार करायचा म्हटलं की एकास बाराच्या हिशोबानं, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी, पाच फुटाला साठ फूट लांब उतार. साठ फूट! लोकांचे प्लॉटच तीस बाय चाळीस. हे मी तोंडानं सांगायचे, लोक मान डोलवायचे, आणि मला कुपवाडच्या काकू आठवायच्या.

मध्ये लॉकडाऊन गेला. २०२१ च्या सुरुवातीला नणंदेच्या नवऱ्यानं दुबईहून क्वेस्ट टू नावाचा, डोळ्याला बांधायचा हेडसेट आणला, आपल्याकडं तो तेव्हा कंपनीकडून अधिकृत मिळतच नव्हता. चालू करायला फेसबुकचं खातं लागायचं, घर बघायला फेसबुक कशाला हे सासऱ्यांना अजून पटलेलं नाही. कॉम्प्युटरला चांगलं ग्राफिक्स कार्ड घ्यायचं तर नेमका बाजारात तुटवडा, क्रिप्टोवाल्यांनी कार्डं उचललेली, एका कार्डाची किंमत ऐकून नवरा म्हणाला यात एक जुनी बाइक येते. घेतलं तरी. स्केचअपला एन्स्केप जोडलं, म्हणजे मॉडेल तिथल्या तिथं खऱ्यासारखं दाखवणारं सॉफ्टवेअर, केबलनं हेडसेट लावला, आणि आता खरंच चालता येत होतं. मी भिंत सरकवली की समोरच्याच्या डोळ्यांपुढं भिंत सरकायची, रात्रभर थांबणं संपलं.

पहिल्याच गिऱ्हाइकाला चक्कर आली. दिरानं हौसेनं त्यांना बटणावर घरातनं सरकवत सरकवत फिरवलं, जिन्यावर नेलं, आणि ते गृहस्थ खुर्चीचा हात धरून म्हणाले "बास बास, काढा." डोळे सांगतात आपण चाललोय, कानाच्या आत तोल सांभाळणारं जे असतं ते सांगतं आपण बसलोय, दोघांचं भांडण लागलं की पोटात ढवळतं. आता सरकवत नाही, या ठिकाणाहून त्या ठिकाणी टुणकन उडी, आणि एका वेळी दहा मिनिटांच्या वर कोणाला ठेवत नाही. बाकीच्या गोष्टी कुठल्या व्हिडिओत सांगत नाहीत. अंबाडा असला की मागचा पट्टा बसत नाही. चष्म्यासाठी मधे एक जाडसर कडं लावावं लागतं. कुंकू आणि खोबरेल तेल त्या फोमला लागतं म्हणून वर सिलिकॉनचं कव्हर, प्रत्येक माणसामागं पुसायचं. भिंगांमधलं अंतर तीन खाचांत बसतं, चुकीच्या खाचेत असलं की माणूस म्हणतो तुमचं घर अंधुक आहे.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट आम्हाला एका आज्जींनी चुकून शिकवली. त्यांना उभं राहवत नव्हतं म्हणून खुर्चीत बसवून हेडसेट लावला. किचनमध्ये गेल्या आणि म्हणाल्या, "अगं पोरी, हा ओटा माझ्या गळ्याशी आलाय." दीर हसला, आज्जी बसल्याहेत म्हणून तसं दिसतंय म्हणाला. मला हसू आलं नाही. मी विचारलं, भाजी कुठं चिरता? तर खाली बसून, विळीवर, कारण पायात जोर नाही. म्हणजे त्या घरात ओटा रोज बसूनच बघितला जाणार. आम्ही सगळीकडं पावणेतीन फुटाचा ओटा टाकत आलो, विचार न करता. त्या घरात खिडकीपाशी एक छोटा कट्टा केला दीड फुटाचा, विळीसाठी, समोर परडं दिसतं. आणि त्याच बैठकीत आज्जींना दारातनं बाहेर नेलं, पाच फुटी जोत्याच्या वरच्या पायरीवर, खाली बघा म्हटलं. त्या बघत राहिल्या. मग मुलाला म्हणाल्या, "मी एकदा वर आले की मग थेट खांद्यावरच खाली." तो मुलगा तीन आठवडे आमच्याशी पाच फुटासाठी वाद घालत होता. शेवटी जोतं अडीच फुटावर आणलं, आज्जींची खोली आणि देवघर खालीच, महत्त्वाचं सामान, मीटर, इन्व्हर्टर सगळं वर, आणि वरच्या मजल्यावर एक न्हाणी आणि गॅसची सोय, पाणी आलं तर आठवडाभर वर राहता येईल अशी. जुलै २०२१ ला पाणी परत आलंच, तेव्हा ते घर अजून पायातच होतं, पण निर्णय बरोबर की चूक ते त्यांचं ते ठरवतील, निदान बघून घेतलेला आहे.

आता आम्ही पहिल्या फेरीत चकचकीत काही दाखवत नाही. सगळं राखाडी, मातीच्या खेळण्यासारखं, ना टाइल ना पडदे. लोक जरा हिरमुसतात, पण टाइल दाखवली की अर्धा तास टाइलवरच जातो आणि जिना कुठं आहे ते कोणी बघत नाही. टाइल दुसऱ्या फेरीला.

एक सांगते, हेडसेटमधली खोली खऱ्यापेक्षा जरा लहान वाटते, अंतर कमी दिसतं, हे बाहेर अभ्यास करणाऱ्यांनी पण नोंदवलंय आणि आमच्या टेबलावर रोज दिसतं. म्हणून कोणी "हॉल लहान वाटतोय, वाढवा" म्हटलं की लगेच वाढवत नाही. त्याच संध्याकाळी प्लॉटवर नेतो, चुन्याच्या फक्कीनं खोल्यांच्या रेघा मारतो, आणि चालायला सांगतो. जमिनीवरच्या रेघा खोलीला अजून लहान दाखवतात ही वेगळी गंमत, त्यामुळं एक प्लॅस्टिकची खुर्ची आणि टेप बरोबर. दोन्हीकडं लहान वाटला तरच वाढवायचा.

डॅलसला असलेल्या एका मुलानं तिथं बसून मिरजेतलं घर बघितलं, त्याच्याकडं हेडसेट होताच, आम्ही लिंकवर खोल्या पाठवायचो, आमची सकाळ म्हणजे त्याची रात्र. बाप-लेकाचं देवघराच्या दिशेवरनं भांडण आधी फोनवर व्हायचं, आता एकाच खोलीत उभं राहून होतं. मिटलं नाही अजून.

पैशाचं विचाराल तर पहिली दोन वर्षं हे सगळं फुकट दाखवलं, नंतर वेगळे पैसे लावले तर लोक नको म्हणाले, मग डिझाइनच्या फीमध्येच धरलं, आता कोणी विचारत नाही. उकाडा, पश्चिमेच्या भिंतीची धग, शेजारच्या गिरणीचा आवाज, यातलं काही त्या चष्म्यात येत नाही. त्यासाठी मे महिन्यात दुपारी तीनला प्लॉटवर जाऊन उभं राहायचं, दुसरा उपाय नाही.

आमचे गवंडी मिस्त्री बरीच वर्षं त्या यंत्राला हात लावत नव्हते. गेल्या वर्षी एकदा पाऊस लागला, काम बंद, ऑफिसात येऊन बसले होते, दिरानं जबरदस्तीनं लावला. दोन मिनिटं गप्प. मग म्हणाले, "मॅडम, ह्या घराला कॉलम कुठायत?" मॉडेलमध्ये सगळ्या भिंती गुळगुळीत होत्या. खऱ्या घरात सहा इंचाच्या भिंतीतनं नऊ इंचाचा कॉलम तीन इंच बाहेर येतो, नेमका तिथं ज्या कोपऱ्यात आम्ही फ्रिज उभा केला होता. इतकी वर्षं आम्ही लोकांना कॉलम नसलेली घरं फिरवत होतो आणि आमच्या लक्षात पण आलं नव्हतं. आता आरसीसीवाल्यांचं कॉलम-बीमचं ड्रॉइंग आल्याशिवाय गिऱ्हाइकाला हेडसेट लावत नाही, आणि त्याच्या आधी शनिवारी मिस्त्री येतात, गांधी टोपी काढून टेबलावर ठेवतात, आणि "लाव रे" म्हणतात.