मे महिना आधी, कोंबड्या नंतर

"एवढ्याशा अंगणात कोंबड्या ठेवल्यात, पण आपल्या नागपूरच्या उन्हाळ्यात त्या जगतात कशा?" हे मला येणारा-जाणारा विचारतोच, आणि विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांना स्वतःलाही कोंबड्या आणायच्या असतात. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: जगतात, चांगल्या जगतात. फक्त पिल्लं कधी आणायची ते मे महिना डोळ्यांसमोर ठेवून ठरवा, आणि सावलीची सोय आधी करा.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पिल्लं दिसली की मुलं हट्ट धरतात. पण तेव्हा आणलेली पिल्लं नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या ऐन उन्हाच्या नऊ दिवसांत, जेमतेम तीन महिन्यांची असतात. आम्ही कोजागिरीनंतर आणतो. थंडीत बल्बची ऊब द्यावी लागते, पहिल्या आठवड्यात 35 अंशांच्या आसपास आणि पुढे दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी. थर्मामीटर हवाच असं नाही. पिल्लं बल्बखाली एकमेकांवर चढली तर त्यांना गारठा लागतोय, कडेला पळून चोच वासून बसली तर उकडतंय, आणि सगळीकडे पसरून दाणे टिपत असली तर तुम्ही निवांत झोपा. अशी पिल्लं उन्हाळा लागेपर्यंत तलंगा होतात, अंड्यावर यायच्या बेतात असतात, आणि ऊन सोसायची ताकद त्यांच्या अंगात आलेली असते.

कोंबडीला घाम येत नाही. तापलेलं अंग निववायला ती चोच उघडून धापा टाकते आणि पंख अंगापासून दूर धरते. तुरा आणि गलोल (चोचीखाली लोंबणारी कातडी) लालबुंद होतात, कारण तिथूनही उष्णता बाहेर जाते. पारा 45 च्या घरात गेला की हे दुपारभर चालतं. सतत धापा टाकल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि कवच बांधायला लागणारं कार्बोनेटही. म्हणून मे महिन्यात अंड्याचं कवच पापुद्र्यासारखं होतं, हातात घेतलं की दबतं. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवावा, पण त्याआधी गारवा द्यावा. खुराड्यावर हिरवी जाळी, पत्र्यावर ओलं बारदान, पाण्याला मातीचं पसरट भांडं, तेही सावलीत, आणि दुपारी पाणी बदलायचं. दाणा पहाटे आणि संध्याकाळी, कारण अन्न पचतानाही अंगात उष्णता तयार होते. आमच्या सासूबाई भर दुपारी बाहेर जाऊन जमिनीवर पाणी शिंपडतात. कोंबड्या लगेच त्या ओल्या मातीत खड्डा करून पोट टेकतात. मला वाटतं, पंख्यापेक्षा त्यांना ही ओली माती जास्त मानवते.

जागेचं म्हणाल तर चार-पाचच कोंबड्या ठेवा. रात्रीच्या खुराड्यात प्रत्येकीला दोन चौरस फूट तरी मिळावेत, आणि दिवसा हिंडायला त्याहून बरंच जास्त. वासाची तक्रार गर्दीमुळे आणि ओलीमुळे होते. भंडारा-गोंदियाकडच्या राइस मिलचा तूस जमिनीवर जाडसर पसरा, खालीवर करत राहा, ओला झालेला तेवढा काढून झाडांना घाला. ताजी विष्ठा थेट मुळाशी नको, आधी कुजू द्या. जाळी मात्र बारीक भोकांची आणि दणकट घ्या, खाली फरशी बसवा. शहरातसुद्धा मुंगूस आहे, आणि ते माती उकरून आत शिरतं.

अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही, तो फक्त पिल्लं हवी असतील तर. शेजाऱ्यांची झोप मोडायची नसेल तर ठेवूच नका. गावठी कोंबडी वर्षाला 60 ते 80 अंडी देते, मधे खुडूक बसते, म्हणजे अंडी द्यायचं थांबवून उबवायला बसते. वनराज, गिरिराज या सुधारित जाती बऱ्याच जास्त देतात. पैसे वाचतील म्हणून कोणी कोंबड्या आणू नयेत. एक कोंबडी दिवसाला शंभर ग्रॅमच्या वर दाणा खाते. शेवग्याचा पाला आणि स्वयंपाकघरातली भाजीची देठं थोडा भार उचलतात, पण तेवढाच.

आपल्या गोरेवाड्याच्या वन्यप्राणी बचाव केंद्रात 2024 च्या अखेरीस तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने गेले, तेव्हापासून लोक भीतीनेही विचारतात. भीती रास्त आहे. दाण्या-पाण्यावर कावळे, पारवे बसू देऊ नका, हात धुवा, आणि एकाएकी कोंबड्या मरू लागल्या तर त्यांना हात न लावता सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. रोजच्या धोक्यात मात्र मानमोडी (राणीखेत) हा कोंबड्यांचा रोग पुढे आहे. पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात, महिन्याभराने पुन्हा, आणि पुढची लस डॉक्टरांना विचारून. अडचण अशी की एका कुपीत शंभर किंवा त्याहून जास्त पिल्लांची लस असते, आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. तेव्हा तुमच्या भागात आणखी कोणाकडे पिल्लं येणार आहेत ते दसऱ्यालाच विचारून ठेवा, आणि एकाच दिवशी सगळ्यांची लस उरका.