तुम्ही विचारलंत म्हणून: कॅन्सर पसरला, की दोन निघाले?

"पसरना का हो डॉक्टर?" जळगावात पॅथॉलॉजिस्ट म्हणून बसायला लागल्यापासून हा प्रश्न मी अहिराणीत, लेवा बोलीत, पुस्तकी मराठीत ऐकत आलेय. रिपोर्टात गर्भपिशवीच्या अस्तरात कॅन्सर आणि अंडाशयातही, एवढं दिसलं की घरचे स्वतःच हिशेब करून येतात: दोन जागा, म्हणजे संपलं.

दरवेळी तसं नसतं. अस्तराचा कॅन्सर असलेल्या साधारण ५ टक्के बायकांत अंडाशयाचाही सोबतच निघतो. बऱ्याच जणींची पाळी अजून चालू असते. अमेरिकेत अशा ७४ बायकांवर नजर ठेवली होती. २००१ साली निकाल छापला. ५ वर्षांनी ८६ टक्के हयात, १० वर्षांनी ८० टक्के. खऱ्या अर्थानं पसरलेल्या आजारात असे आकडे बघायला मिळत नाहीत.

मग सूक्ष्मदर्शकाखाली काचेवर मी काय बघते? गाठ एकाच अंडाशयात आहे की दोन्हीकडं. वरचं आवरण शाबूत आहे का. पिशवीच्या भिंतीत अर्ध्याच्या वर शिरलाय का, रक्तवाहिन्यांत पेशी किती दिसतात. आणि ग्रेड, म्हणजे पेशी किती बिघडल्यात. खोल शिरलेला, दोन्ही अंडाशयांवर बारीक गाठी उठलेला दिसला, तर मी उगाच धीर देत नाही.

गंमत पुढं आहे. २०१६ साली जनुकं तपासली तर अशा बहुतेक 'दोन' गाठी एकाच मुळाच्या निघाल्या. बायकोचा रिपोर्ट घेऊन आलेल्या रावेरकडच्या एका केळीवाल्याला हे सांगत होते, तर तो म्हणाला, "म्हंजे एकाच खुंटाचं पील." पील म्हणजे केळीच्या बुडाशी फुटणारा कोंब. याहून नेमकं मला सांगता आलं नसतं. पेशी अस्तरातूनच आलेल्या, पण वागणं पसरलेल्या कॅन्सरचं नाही. म्हणून पूर्वी सरसकट ३ए या पसरलेल्या टप्प्यात ढकलली जाण्याची भीती असलेल्या अशा कमी ग्रेडच्या गाठींना फिगोनं, म्हणजे स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं, २०२३ मध्ये पहिल्या टप्प्यातच १ए३ अशी वेगळी जागा दिली. मला विचाराल तर उशीरच झाला.

त्याला मी उलट विचारलं, बायकोच्या माहेरी कुणाला आतड्याचा किंवा पिशवीचा कॅन्सर, तोही लवकरच्या वयात? लिंच सिंड्रोम नावाचा घराण्यातला दोष असू शकतो, मग बहिणींनाही तपासावं लागतं.

बोटं मोजता मोजता तो थांबला. तिथूनच शालकाला फोन लावला.