पाण्याखालचा पहिला धडा: श्वास रोखायचा नाही

पोहायला शिकताना आपण श्वास धरून ठेवायला शिकतो. स्कूबाच्या, म्हणजे हवेची टाकी घेऊन बुडी मारण्याच्या, पहिल्याच तासाला सरांनी नेमकं उलटं सांगितलं. काहीही झालं तरी श्वास रोखायचा नाही. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे छातीभर हवा घेतली आणि ती रोखून वर आलं, तर ती फुगून दुप्पट व्हायला बघते, आणि फुप्फुसं काही तेवढी ताणली जात नाहीत. फळ्यावर हे लगेच पटलं. अंगात मुरायला मात्र वेळ लागला.

सुरुवात तलावात झाली. 200 मीटर पोहणं, दहा मिनिटं तरंगणं, मग पाठीवर टाकी. तिला सगळे ऑक्सिजनचा सिलिंडर म्हणतात, पण आत असते ती आपली रोजचीच हवा, गाळून, कोरडी करून सुमारे 200 बार, म्हणजे बाहेरच्या हवेच्या जवळपास 200 पट दाबाने भरलेली.

खरी परीक्षा मास्कची. तळाशी गुडघे टेकून मास्कमध्ये मुद्दाम पाणी घ्यायचं आणि ते बाहेर काढायचं. नाकाला पाणी लागलं आणि तोंडात टाकीतली हवा देणारा रेग्युलेटर असूनही माझा श्वास थांबला. मी सरळ उभी राहिले. पाणी छातीइतकंच होतं म्हणून बरं. सर रागावले नाहीत. पुन्हा खाली नेलं आणि समोर बसून तळहात संथपणे पुढे-मागे करत राहिले: आत, बाहेर. त्यांच्या हातावर नजर ठेवून मी मास्कची वरची कड कपाळाशी दाबली, मान जराशी वर केली आणि नाकातून सावकाश फुंकलं. पाण्याची रेघ भुवईवरून डोळ्यापर्यंत उतरली, डोळ्यावरून गालापर्यंत, आणि सरांचा चेहरा स्वच्छ दिसला. त्या दिवशी हे मी अकरा वेळा केलं.

मग समुद्र. दोर धरून उतरताना तीन मीटरवरच उजवा कान ठणकला. नाक चिमटीत धरून हलकेच हवा ढकलायची, हे दुखायला लागण्याआधी करायचं असतं. मी उशीर केला होता. जोर लावला तर कानाला इजा होते, म्हणून थोडं वर आले, पुन्हा केलं, टक् झालं, मग खाली. सर्दी असेल तर त्या दिवशी बुडी नकोच, हे मी कळकळीने सांगेन.

खाली माझी लाल नेलपॉलिश मातकट काळी दिसत होती. पाणी लाल रंग सगळ्यात आधी शोषून घेतं. सरांनी बोटांवर टॉर्च मारला आणि नखं एकदम पेटल्यासारखी लाल झाली! मी कितीतरी वेळ हात फिरवून बघत राहिले.

माझी हवा 70 बारवर आली तेव्हा सरांची 120 होती. घाबरा श्वास टाकी भराभर संपवतो. अंगठा वर केला; पाण्याखाली त्याचा अर्थ ‘छान’ नव्हे, ‘वर जाऊया’. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबलो. कानात फक्त माझाच श्वास, लांब आणि संथ, मागोमाग बुडबुडे.

बोटीवर ओल्या हातांनीच नोंदवही भरली. कमाल खोली 12 मीटर, वेळ 31 मिनिटं. शेऱ्यात लिहिलं: उजवा कान, आणखी सावकाश.