थांबलेले चाक आणि ग्र्युनबर्ग यांचे पेटंट

पीटर ग्र्युनबर्ग या जर्मन भौतिकशास्त्रज्ञांचे एक पेटंट कारखान्याच्या गेल्या ऑफ सीझनमध्ये, म्हणजे गळीत बंद असताना, मी सावकाश वाचून काढले. अमेरिकेतील त्याचा क्रमांक ४९४९०३९, मंजुरीची तारीख १४ ऑगस्ट १९९० आणि मूळ जर्मन अर्ज १६ जून १९८८ चा आहे. चुंबकनाच्या दिशा एकमेकांच्या विरुद्ध असलेल्या लोहचुंबकीय पातळ थरांपासून बनवलेला चुंबकीय क्षेत्राचा संवेदक, असा त्याच्या शीर्षकाचा आशय आहे. हार्ड डिस्कची साठवणक्षमता ज्या शोधामुळे पुढे झपाट्याने वाढली, त्या शोधाचे हे पेटंट असूनही शीर्षकात डिस्कचा उल्लेख नाही. एक मोजमापाचे साधन म्हणूनच त्याची मांडणी केलेली आहे. मी सांगली जिल्ह्यातील एका साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनचे, म्हणजे मोजमापाच्या उपकरणांचे, काम पाहतो, आणि या मांडणीमागचे शहाणपण मला संगणकापेक्षा आमच्या टर्बाइनजवळ जास्त चांगले समजले.

टर्बाइनचा वेग मोजण्यासाठी शाफ्टवर एक दातेरी चाक बसवलेले असते आणि त्याच्यासमोर मॅग्नेटिक पिकअप लावलेला असतो. पिकअपच्या आत कायमचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेची कॉइल, एवढाच ऐवज असतो. चाकाचा दात समोरून गेला की कॉइलमधील चुंबकीय प्रवाह बदलतो आणि व्होल्टेजचा एक स्पंद निर्माण होतो. चाकाला साठ दात असले, तर सेकंदाला येणारे स्पंद आणि मिनिटाला होणारे फेरे हे दोन्ही आकडे एकच येतात, हिशेब करावा लागत नाही. पिकअप बसवतानाही फार सोपस्कार नसतात. दात बरोबर समोर आणायचा, पिकअप हाताने आत फिरवत न्यायचा, टोक दाताला हलकेच टेकले की साधारण पाऊण फेरा मागे घ्यायचा आणि चेकनट आवळायचे. दाताऐवजी खाच समोर असताना कोणी घाईने टोक टेकवले, तर शाफ्ट पहिल्यांदा फिरताच पिकअपचे टोक तुटून हातात येते. बॉयलर अग्निप्रदीपनाच्या आदल्या दिवशी असे झाले, की स्टोअरमध्ये धावपळ उडते.

या पिकअपचा मूळ दोष मात्र बसवण्यातला नाही. फॅरडेच्या नियमानुसार कॉइलमध्ये निर्माण होणारे व्होल्टेज चुंबकीय प्रवाह किती आहे यावर ठरत नाही, तो किती वेगाने बदलतो यावर ठरते. चाक जोरात फिरत असेल तर सिग्नल भरपूर मिळतो. चाक मंदावले की तो क्षीण होतो. चाक अगदी हळू फिरत असेल तर गोंगाटात हरवतो, आणि थांबलेले चाक व हळू फिरणारे चाक यांत फरक करता येत नाही. आमच्या कामात हा फरक महत्त्वाचा असतो. गरम टर्बाइन बंद केल्यावर शाफ्ट एका जागी उभा राहिला, तर असमान तापमानामुळे त्याला बाक येतो, म्हणून बॅरिंग गिअर लावून तो संथपणे फिरवत ठेवावा लागतो. आणि हे गिअर शाफ्ट खरोखर थांबल्याची खात्री झाल्याशिवाय गुंतवता येत नाही. ही खात्री कॉइल देऊ शकत नाही. त्यासाठी चुंबकीय क्षेत्र प्रत्यक्ष मोजणारा, म्हणजे समोर काही हलत नसतानाही उत्तर देणारा संवेदक लागतो.

हार्ड डिस्कची अडचण हीच होती, फक्त तिचे माप फार लहान होते. १९५६ साली आयबीएमने आणलेल्या रामॅक या पहिल्या डिस्क-यंत्रात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्यांवर मिळून जेमतेम ५० लाख अक्षरे मावत. तेथे एका चौरस इंचात सुमारे २,००० बिट होते, म्हणजे एका बिटाच्या वाट्याला ०.३ चौरस मिलिमीटर जागा येत होती. एवढ्या मोठ्या ठिपक्याचे चुंबकत्व कॉइलच्या हेडने, म्हणजे तबकडीवरून लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या भागाने, वाचणे अवघड नव्हते. पुढे बिट लहान होत गेले तसे त्यातून बाहेर पडणारे चुंबकीय क्षेत्र आटत गेले. त्यातच तबकड्यांचा व्यास कमी होत गेल्याने हेडखालून जाणाऱ्या पृष्ठभागाचा वेगही कमी झाला, आणि कॉइलला दोन्ही बाजूंनी फटका बसला. कॉइलचे वेढे वाढवण्यालाही मर्यादा होती. डिस्कवर लहान अक्षरात लिहिता येत होते. लिहिलेले वाचता येत नव्हते. साठवणुकीची घनता वाढवण्याचा प्रश्न त्या टप्प्यावर बराचसा मोजमापाचा प्रश्न झाला होता, असे मला वाटते, आणि साठवणुकीच्या लोकप्रिय इतिहासात ही गोष्ट फारशी ठळकपणे येत नाही.

चुंबकीय क्षेत्रात धातूचा विद्युत रोध थोडा बदलतो, हे विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरच दाखवून दिले होते. या गुणधर्मावर चालणारे वाचक हेड आयबीएमने १९९० च्या सुमारास वापरातही आणले. परंतु त्यात रोधाचा बदल दोन-तीन टक्क्यांच्या पलीकडे जात नाही, आणि त्या मार्गाची कमाल मर्यादा लवकरच दिसू लागली.

ग्र्युनबर्ग १९७२ पासून जर्मनीतील युलिश येथील संशोधन केंद्रात काम करत होते. लोखंडाचे दोन अतिशय पातळ थर आणि त्यांच्यामध्ये क्रोमियमचा काही अणूंच्या जाडीचा थर ठेवला, तर क्रोमियमच्या विशिष्ट जाडीला लोखंडाचे दोन्ही थर आपोआप विरुद्ध दिशांना चुंबकित होतात, हे त्यांच्या गटाने १९८६ मध्ये दाखवले. त्यानंतरचा साहजिक प्रश्न असा होता, की बाहेरून क्षेत्र लावून हे दोन्ही थर एका दिशेला वळवले तर त्यांच्यातून जाणाऱ्या विजेचे काय होते. रोध कमी होतो, हे त्याचे उत्तर.

का कमी होतो, हे समजण्यासाठी इलेक्ट्रॉनांचे त्यांच्या स्पिननुसार, म्हणजे त्यांच्या अंगभूत चुंबकत्वाच्या दिशेनुसार, दोन गट आहेत असे धरावे लागते. चुंबकित लोखंडाच्या थरातून एका गटाला सहज वाट मिळते आणि दुसऱ्याला अडथळा होतो. आमच्या कारखान्याच्या आवारात ट्रॅक्टरची एक आणि बैलगाड्यांची एक अशा दोन रांगा आहेत आणि त्यांना एकामागून एक दोन फाटके ओलांडायची आहेत, असे समजा. दोन्ही फाटकांवर ट्रॅक्टरला प्राधान्य असेल, तर बैलगाड्या खोळंबतील, पण ट्रॅक्टरची रांग न थांबता वाहील आणि एकूण ऊस भरपूर पोहोचेल. पहिल्या फाटकावर ट्रॅक्टरला आणि दुसऱ्यावर बैलगाड्यांना प्राधान्य असेल, तर प्रत्येक रांग कुठे ना कुठे अडकेल. थरांच्या दिशा एक असणे ही पहिली स्थिती, विरुद्ध असणे ही दुसरी. मधला थर मात्र इतका पातळ हवा, की इलेक्ट्रॉन पहिल्या थरातून दुसऱ्यात जाईपर्यंत आपला स्पिन टिकवून ठेवील.

याच वेळी फ्रान्समध्ये ओर्से येथे आल्बेर फेर यांचा गट लोखंड आणि क्रोमियमचे अनेक थर एकावर एक रचून स्वतंत्रपणे हाच परिणाम शोधत होता. त्यांचे आकडे डोळे दिपवणारे होते: ४.२ केल्व्हिन, म्हणजे उणे २६९ अंश सेल्सिअसच्या आसपासच्या, द्रव हेलियमच्या तापमानाला रोध जवळजवळ निम्म्यावर आला. ग्र्युनबर्ग यांच्या साध्या तीन थरांच्या रचनेत खोलीच्या तापमानाला मिळालेला बदल सुमारे दीड टक्क्याचा होता. फेर यांचा निबंध नोव्हेंबर १९८८ मध्ये, म्हणजे ग्र्युनबर्ग यांच्या निबंधाच्या आधी, प्रसिद्ध झाला. जायंट मॅग्नेटोरेझिस्टन्स, संक्षेपाने जीएमआर, हे नाव त्यातूनच रुळले. पेटंटचा अर्ज मात्र ग्र्युनबर्ग यांनी जूनमध्येच केलेला होता. दीड टक्क्याच्या जोरावर कोणी पेटंटाला जावे, याचे आधी मला आश्चर्य वाटले. परंतु तो दीड टक्का द्रव हेलियमशिवाय मिळत होता, आणि मोजमापाच्या व्यवसायात ज्याने दिवस काढले आहेत त्याला यातले मोल वेगळे सांगावे लागत नाही.

निसर्गनियमाचे पेटंट मिळत नाही. रोध बदलतो हा शोध झाला. त्या बदलातून क्षेत्र ओळखणारे थरांचे विशिष्ट उपकरण ही निर्मिती झाली, आणि ग्र्युनबर्ग यांनी मागणी केली ती या उपकरणासाठी. ते कशासाठी वापरायचे हे त्यांनी घट्ट बांधून ठेवले नाही, म्हणून डिस्कचे हेड, मोटारीच्या चाकाचा वेगमापक किंवा विद्युतप्रवाह मोजणारा संवेदक यांपैकी काहीही त्या चौकटीत बसू शकत होते. आयबीएमसारख्या कंपन्यांनी या पेटंटाचा परवाना घेतला. मालकी युलिशच्या केंद्राची होती आणि ग्र्युनबर्ग हे शोधकर्ते होते. नोकरीत असताना लावलेल्या शोधाबद्दल कर्मचाऱ्याला रास्त मोबदला देण्याची तरतूद जर्मनीत १९५७ च्या कायद्यापासून आहे.

एकट्या या पेटंटातून डिस्क तयार झाली नाही, हेही तितकेच खरे. आयबीएममधील स्टुअर्ट पार्किन यांनी महागड्या आणि मंदगती पद्धतीऐवजी कारखान्यात परवडणाऱ्या स्पटरिंगने, म्हणजे धातूचे अणू उडवून ते पृष्ठभागावर बसवण्याच्या पद्धतीने, असे थर बनवता येतात हे दाखवले, आणि मधल्या थराची जाडी बदलत नेली की दोन थरांमधील जोडणी आळीपाळीने विरुद्ध आणि एकदिश होत राहते, हेही त्यांच्या गटाने १९९० मध्ये प्रसिद्ध केले. थर वळवण्यासाठी लागणारे मोठे क्षेत्र ही अडचण शिल्लक होती. १९९१ च्या स्पिन व्हॉल्व्ह रचनेत एक थर शेजारच्या प्रतिलोहचुंबकीय (ज्यात लगतच्या अणूंचे चुंबकत्व उलटसुलट असते अशा) थराने जखडून ठेवला आणि दुसरा मोकळा सोडला, त्यामुळे अगदी दुबळ्या क्षेत्रानेही मोकळा थर वळू लागला. १९९७ च्या अखेरीस आयबीएमने जीएमआर हेड असलेली १६.८ गिगाबाइटची डेस्कस्टार डिस्क बाजारात आणली. तिच्यात चौरस इंचाला सुमारे २.७ गिगाबिट मावत होते, म्हणजे एका बिटाला पाव चौरस मायक्रॉनहून कमी जागा. पुढच्या दशकात टनेलिंगवर, म्हणजे इलेक्ट्रॉन पातळ विद्युतरोधक थराच्या पार जाण्यावर, चालणाऱ्या टीएमआर हेडांनी जीएमआरची जागा घेतली, आणि आज घनता चौरस इंचाला एक टेराबिटच्या पुढे गेली आहे. चौरस इंचाला एक टेराबिट धरला, तर एका बिटाच्या वाट्याला साधारण २५ नॅनोमीटर बाजूच्या चौरसाएवढी जागा येते.

सांगलीतल्या दुरुस्तीच्या दुकानात बंद पडलेली डिस्क उघडून पाहिली, तर आरशासारख्या तबकड्या आणि हाताच्या टोकाशी तिळाहूनही लहान असा काळा तुकडा दिसतो. प्रत्यक्ष वाचणारा भाग त्या तुकड्याच्या कडेला असतो आणि साध्या भिंगातून तो दिसत नाही. झाकणावर एक बारीक भोक असते आणि ते झाकू नये अशी सूचना छापलेली असते. आतला आणि बाहेरचा हवेचा दाब सारखा राहिला, तरच हेड तबकडीवर ठरलेल्या अंतरावर तरंगते. (हेलियम भरलेल्या नव्या डिस्क मात्र पूर्ण सीलबंद असतात.) आमच्या पिकअपचे अंतर मिलिमीटरच्या भागात सांगितले जाते, या हेडाचे काही नॅनोमीटरमध्ये.

ग्र्युनबर्ग यांना २००६ मध्ये युरोपातील वर्षातील शोधकर्ता हा सन्मान मिळाला आणि २००७ चे भौतिकशास्त्राचे नोबेल त्यांना व फेर यांना विभागून देण्यात आले. जर्मन पेटंटाची वीस वर्षांची कमाल मुदत जून २००८ ची होती. नोबेल मिळाले तेव्हा पेटंटाचे आयुष्य संपत आले होते, आणि डिस्कवाले तोवर पुढच्या तंत्राकडे वळलेही होते.

या कथेतील तारखांचा क्रम आपल्याकडच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी विशेष पाहावा. ग्र्युनबर्ग यांचा निबंध १९८९ मध्ये छापून आला, पण अर्ज आधी झाला होता. तो उलटा क्रम झाला असता, तर युरोपात नावीन्याची, म्हणजे अर्जाआधी शोध प्रसिद्ध झालेला नसण्याची, अट मोडली असती. भारताच्या १९७० च्या कायद्यातही काही ठरावीक प्रदर्शने आणि विद्वत्सभा यांपुरतीच बारा महिन्यांची सवलत आहे. कॉलेजच्या प्रकल्प-प्रदर्शनात मॉडेल मांडायचे, स्थानिक वर्तमानपत्रात फोटोसह माहिती छापून आणायची आणि मग पेटंटाची चौकशी करायची, ही पद्धत मी सांगली-साताऱ्याकडे पुष्कळदा पाहिली आहे, आणि तेथे मार्गदर्शक प्राध्यापकांनीच आधी थांबवायला हवे असे माझे मत आहे. प्रोव्हिजनल, म्हणजे प्राथमिक स्वरूपाच्या, अर्जाला व्यक्तीसाठी ऑनलाइन शुल्क १,६०० रुपये आहे, आणि पूर्ण तपशील देण्यासाठी बारा महिने मिळतात. संपूर्ण जग ज्यावर काम करते आहे अशा थरांच्या रचनेतच काही नवे शोधावे, अशीही गरज नाही. चाक थांबलेले असतानाही दात ओळखणारे हॉल (चुंबकीय क्षेत्र थेट मोजणारे आणखी एका प्रकारचे) आणि जीएमआर संवेदक आज विकत मिळतात, पण त्यांच्यामागे कायमचुंबक लावावा लागतो आणि हा चुंबक हवेतला लोखंडाचा कीस टोकाशी गोळा करतो. गळीत हंगामात मिल हाऊसमध्ये हा कीस उसाच्या रसाबरोबर आणि भुशाबरोबर चिकटून घट्ट बसतो, दात आणि खाच यांतला फरक बुजतो आणि वेगाचा आकडा उड्या मारू लागतो. शिफ्टमधला माणूस तेव्हा संवेदक काढून फडक्याने पुसतो आणि परत बसवतो. टोकाचा आकार, चुंबकाची जागा किंवा आवरण बदलून हे टाळता आले, तर ते सांगलीजवळच्या कुपवाडच्या एखाद्या लहान शेडमध्येही करून पाहता येईल आणि त्यावर अर्जही करता येईल.