डॉक्टर असूनही कळले कसे नाही?

"तुम्ही स्वतः बालरोगतज्ज्ञ, मग तुमच्याच मुलाची स्वमग्नता (ऑटिझम) इतक्या उशिरा कशी लक्षात आली?" हा प्रश्न मला नातेवाईक विचारतात, सहकारी डॉक्टर विचारतात आणि स्वमग्न मुलांचे पालक तर पहिल्याच भेटीत विचारतात. पालकांच्या विचारण्यात दोषाचा सूर नसतो. डॉक्टरचेही चुकते हे ऐकून त्यांच्या मनावरचे ओझे थोडे हलके होते, असे मला वाटते. म्हणून काही न लपवता सांगते.

आमचे शिक्षण जे आहे ते शोधायला शिकवते: ताप, सूज, गाठ, झटका. स्वमग्नतेची सुरुवात मात्र पुष्कळदा जे असायला हवे होते आणि नाही, अशा गोष्टींतून होते. माझा मुलगा वेळेवर बसला, वेळेवर चालू लागला, त्याचे वजन आणि उंचीही वयाप्रमाणे वाढत होती. दीड वर्षाचा असताना पाणी हवे असले की तो माझे मनगट धरून माझा हात भांड्यापर्यंत नेत असे, आणि आम्हा सगळ्यांना ती त्याची हुशारी वाटे. बोट दाखवून त्याने कधी काही मागितले नव्हतेच. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे, चंद्र किंवा खिडकीत बसलेला पक्षी केवळ मलाही दिसावा म्हणून त्याने एकदाही बोट केले नव्हते. मागण्यासाठी बोट करणे वेगळे आणि "तूही बघ" म्हणून बोट करणे वेगळे. दीड वर्षापर्यंत हे दुसरे दिसले नाही तर मुलाच्या विकासाची तपासणी करून घ्यावी, हे मी स्वतः दवाखान्यात इतरांना सांगत होते.

हाक मारल्यावर तो वळत नसे, म्हणून मी त्याच्या कानांची तपासणी करून घेतली. ते योग्यच होते. ऐकणे उत्तम असल्याचा अहवाल आला आणि मला हायसे वाटले. ऐकू येत असूनही तो वळत का नाही, हा प्रश्न खरे तर तिथून सुरू व्हायला हवा होता. मी तो तिथेच मिटवला. त्यानंतर मुलगे उशिरा बोलतात, घरात बरोबरीचे मूल नाही, अशी कारणे मला एकामागून एक सुचत गेली, आणि मी डॉक्टर असल्यामुळे ती कोणी तपासूनही पाहिली नाहीत. माझी आई एकदाच म्हणाली होती, "याला माझा हात लागतो गं, मी लागत नाही." इतके अचूक निरीक्षण मी पुढे कोणत्याही तज्ज्ञाकडून ऐकले नाही. तेव्हा मात्र मी तिलाच समजावत बसले. निदान झाले तेव्हा तो साडेतीन वर्षांचा होता.

बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ स्वमग्न मुलांचे वर्णन प्रसिद्ध केल्यानंतर कितीतरी वर्षे स्वमग्नतेसाठी आईच्या थंड वागण्याला दोष दिला जात होता. तो समज मोडून काढणाऱ्यांमध्ये मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलंड आणि मनोविकारतज्ज्ञ लोर्ना विंग होते, आणि दोघेही स्वमग्न मुलांचे पालक होते, याचा मला फार आधार वाटतो.

कळल्यावर तरी चुका थांबल्या का? नाही. तो सात वर्षांचा असताना अचानक स्वतःच्या गालावर बुक्के मारू लागला, झोपेनासा झाला. तो अजून बोलत नव्हता. एका तज्ज्ञांनी हा स्वमग्नतेचाच भाग असल्याचे सांगून वर्तनासाठी औषध सुचवले, आणि मीही जवळजवळ तयार झाले होते. मग लक्षात आले की तो फक्त डाव्या गालावर मारतो आहे आणि घासही एकाच बाजूने चावतो आहे. दाढेच्या मुळाशी पू झाला होता. दाढेवर उपचार झाले आणि आठवडाभरात मारणे थांबले. न बोलणाऱ्या मुलाचे वागणे एकाएकी बदलले तर आधी दुखणे शोधायचे, कान, दात, पोट, बद्धकोष्ठता सगळे पाहायचे, हे मी आता प्रत्येक पालकाला आवर्जून सांगते, कारण निदानाचे नाव एकदा चिकटले की त्यामागे मुलाचे साधे आजारही दिसेनासे होतात.

आज कोणी आई किंवा आजी "काहीतरी वेगळं वाटतंय" म्हणाली, तर "थोडे थांबून पाहू" असे मी म्हणत नाही. तिचे शब्द जसेच्या तसे केसपेपरवर लिहून घेते, त्याच दिवशी विकासाच्या तपासणीसाठी पाठवते, आणि निदान पक्के होण्याची वाट न पाहता संवादाचे उपचार सुरू करायला सांगते.